मुंबईची खारी हवा आणि गाडीचा गंज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि किनाऱ्यालगतच्या गावांत गाडी ठेवणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाडी नवी असेल तर सगळं पान वाचा. जुनी असेल तर आधी गंज कुठे शोधायचा तो प्रश्न वाचा आणि लगेच गाडीखाली बॅटरी मारून बघा.

परदेशात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून गाड्या सडतात असं ऐकलंय. इथे तर बर्फच पडत नाही, मग आपण कशाला काळजी करायची?

कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग आणि युरोपातले थंड देश इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, त्यामुळे रस्ता निसरडा होत नाही. साधं मीठ साधारण उणे ९ अंशांपर्यंत कामाला येतं. थंडी त्याहून कडक असेल तर कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर जे खारं पाणी फवारतात, त्यात सुमारे २३ टक्के मीठ असतं. चाकांनी उडवलेला हा खारा चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो आणि तिथून पत्रा खायला लागतो.

आपल्याकडे मिठाचा पुरवठा समुद्र करतो. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के मीठ असतं, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅम. लाट खडकावर किंवा टेट्रापॉडवर फुटली की अतिसूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर शहरात शिरतात. पाणी उडून जातं, मीठ मात्र गाडीवर, गाडीखाली आणि दरवाज्यांच्या फटीत बसतं. थंड देशांच्या तुलनेत हे मीठ खूप कमी आहे. पण तिथला हिवाळा काही महिन्यांत संपतो आणि कडाक्याच्या थंडीत गंजाची रासायनिक क्रियाही मंदावते. मुंबईत मीठ, दमटपणा आणि ऊब या तिन्ही गोष्टी वर्षभर एकत्र नांदतात. त्यामुळे काळजी घ्यायलाच हवी.

मीठ लोखंडाचं नेमकं काय करतं?

लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरे असतात. मिठामुळे त्याला वेग येतो. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. शिवाय मिठातले क्लोराइडचे कण धातूवरचा नैसर्गिक संरक्षक थर भेदतात.

मुंबईकराने याहून महत्त्वाची अशी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच विरघळून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. मुंबईची हवा त्याखाली फार थोडा वेळ जाते. म्हणजे तुमच्या डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्रा, त्यावर मीठ असेल तर, बराच काळ ओलाच असतो. पाऊस पडला काय, न पडला काय.

गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली तो फुगतो, रंगाला फोड येतो, फोड फुटला की आणखी पाणी आत जातं आणि शेवटी पत्र्याचे पापुद्रे निघायला लागतात. बाहेर वाटाण्याएवढा फोड दिसतो तेव्हा आत रुपयाएवढा भाग गेलेला असतो, हे गृहीत धरूनच कामाला लागावं.

मी मुलुंडला राहतो. समुद्र कुठल्या कुठे. मला याचा त्रास कितपत?

वरळी सीफेस, बँडस्टँड, कार्टर रोड, वर्सोवा, जुहू, गोराई, मढ इथे किनाऱ्याला अगदी लागून गाडी उभी असेल तर सर्वांत जास्त. लाटांतून उडालेले मिठाचे जड कण पहिल्या काहीशे मीटरमध्येच खाली बसतात, पुढे प्रमाण झपाट्याने कमी होतं. मुलुंड, भांडुप, ठाणे या बाजूला खाडी आणि मिठागरं आहेत, पण खाडीत लाटा फुटत नाहीत, म्हणून हवेतलं मीठ त्या मानाने कमी.

गाडी रात्री कुठे उभी असते एवढंच बघू नका, दिवसा कुठून जाते तेही बघा. रोज सी लिंक, कोस्टल रोड किंवा अटल सेतूवरून जाणारी गाडी समुद्राच्या वाऱ्यातूनच जाते. अटल सेतूचा तर सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग पाण्यावर आहे. चेंबूर, माहुल, तुर्भे पट्ट्यात आणखी एक भर पडते. कारखान्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि हवेतलं मीठ एकत्र आले की गंज दोघांच्या वेगवेगळ्या परिणामापेक्षा जास्त वेगाने वाढतो.

चार महिने धो धो पाऊस गाडी धुतोच की. मीठ राहील कसं?

या प्रश्नाचं उत्तर कळलं तर बाकीची निम्मी काळजी आपोआप घेतली जाते, म्हणून जरा सविस्तर.

पाऊस छत, बोनेट आणि काचा धुतो. तिथलं मीठ खरंच वाहून जातं आणि तिथे रंगही चांगला असतो. म्हणूनच मुंबईच्या गाड्यांचं छत सहसा शाबूत दिसतं. पाऊस जिथे पोचत नाही तिथे मात्र उलटं होतं. चाकाच्या कमानीची आतली कड, दरवाज्याची खालची दुमड, सिलच्या (दरवाज्याखालच्या आडव्या पट्टीच्या) पोकळीतली बाजू, पेट्रोलच्या टाकीचे पट्टे, मागच्या ॲक्सलची बैठक. इथे मीठ साठत जातं, दमटपणा पोचतो, पण धुवून काढणारं पाणी पोचत नाही. किनाऱ्यावरच्या इमारतींतही हेच दिसतं. पावसाचा मारा थेट झेलणाऱ्या लोखंडापेक्षा छज्जाखालचं आडोशाचं लोखंड आधी गंजतं.

त्यात पावसाळ्यात रस्त्याचा चिखल, मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांवरची माती, सिमेंटची धूळ चाकांबरोबर वर उडते आणि कमानीच्या कडेवर थापली जाते. ही थापलेली माती दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. पाऊस संपला, बाहेरून गाडी चकचकीत झाली, पण आतली माती ऑक्टोबरच्या उकाड्यातही ओलीच असते. आणि ऑक्टोबर ते मे हे महिने तर मीठ धुवून काढणारा पाऊस नसतोच.

म्हणून मुंबईत गाडी वाचवायची तर पाणी खालून आणि आतून मारायला हवं, आणि मग ती वाळू द्यायला हवी. वरून पुसल्याने गाडी छान दिसते, आयुष्य वाढत नाही.

गंज शोधायचा कुठे?

मोबाइलचा टॉर्च, एक जुना टूथब्रश आणि अंथरायला गोणपाट एवढं साहित्य पुरतं.

चाकाच्या कमानीपासून सुरुवात करा. कडेच्या आतून बोट फिरवा. खरखरीत लागलं, माती हाताला आली, तर ती खरवडून बघा. मग प्रत्येक दरवाजा उघडून खालची दुमड बघा. दरवाज्याच्या तळाला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी दरवाज्यातच तुंबतं. गाडी वळवताना दरवाज्यातून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर त्याच दिवशी काडीने भोकं मोकळी करा.

वायपरखाली जी जाळी असते तिथे पर्जन्यवृक्ष, गुलमोहोर, सोनमोहोर यांची बारीक पानं आणि फुलं साचतात. खाली निचऱ्याचा मार्ग असतो, तो तुंबला की पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात येतं. मुंबईत झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा हा नेहमीचा रोग आहे. रबरी मॅट उचलून गालिचा दाबून बघा. ओल लागली, कुबट वास आला, तर आतून फ्लोअरचा पत्रा गंजायला लागला असं समजा. बाहेरून कितीही कोटिंग केलं तरी याचा उपाय होत नाही.

डिकीत स्टेपनी काढून खळगा बघा. मागच्या दिव्यांची रबरं आणि डिकीचं बीडिंग म्हातारं झालं की पाणी तिथे साचतं. शेवटी गाडीखाली डोकावून सिलेन्सरचे सांधे, जॅक लावायची जागा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या बघा. जॅक लावताना तिथला लेप हमखास खरवडला जातो आणि मग तो पुन्हा कोणी लावत नाही. ब्रेकच्या नळीवर जाड, फुगलेला गंज दिसला तर पुढचा प्रवास थेट मेकॅनिककडे.

माझी गाडी सीएनजीवर आहे. वेगळं काही बघायचं का?

हो. मुंबईत सीएनजी गाड्या इतक्या आहेत, तरी याकडे दुर्लक्ष होतं.

बाहेरून किट बसवताना पाइप आणि सिलेंडरच्या पट्ट्यांसाठी डिकीच्या पत्र्यात भोकं पाडतात. भोकाच्या कडेला ना जस्त, ना प्रायमर, ना रंग. उघडा लोखंडी काठ. गंजाची सुरुवात तिथूनच होते. बसवून घेतानाच कडेला झिंक प्रायमर आणि सीलंट लावायला सांगा, समोर उभं राहून करून घ्या. आधीच बसवलेलं असेल तर खालून त्या जागी वॅक्स मारून घ्या.

सिलेंडरखालचा गालिचा ओला राहत नाही ना, पट्टे गंजले नाहीत ना, हे दोन-तीन महिन्यांनी बघा. सिलेंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते. त्या वेळी सिलेंडर निघतोच, तेव्हा डिकीचा पत्राही साफ करून घ्या. एरवी तिथे हात पोचत नाही.

सोसायटीत माणूस रोज सकाळी गाडी पुसतो. पुरेसं नाही का?

वरच्या रंगासाठी ठीक आहे, तेही कपडा आणि पाणी स्वच्छ असेल तर. एकाच बादलीत दहा गाड्या पुसल्या जातात तेव्हा मिठाची आणि मातीची पेस्ट रंगावर घासली जाते.

पाणी कुठलं वापरतात हे विचारा. बऱ्याच सोसायट्यांत गाड्या धुवायला बोअरचं पाणी देतात आणि किनारपट्टीवर ते अनेक ठिकाणी मचूळ असतं. काचेवर पांढरे डाग उरत असतील तर पाण्यात क्षार आहेत हे नक्की. अशा पाण्याने चिखल निघेल, पण शेवटचा हात महापालिकेच्या गोड्या पाण्याचा हवा. वापरही फार होत नाही, अर्धी बादली पुरते.

गाडीचं पोट मात्र घरी धुता येत नाही. त्यासाठी वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर चढवून अंडरबॉडी वॉश घ्यावा लागतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा. अगदी किनाऱ्यालगत राहत असाल तर वर्षभर दर महिन्याला. तिथल्या माणसाला चाकाच्या कमानीत आणि सिलच्या भोकांजवळ पाणी मारायला स्वतः सांगा. नाहीतर फोम बाहेरच फासला जातो आणि बिलावर अंडरबॉडी लिहिलं जातं. धुतल्यावर गाडी लगेच बेसमेंटमध्ये नेऊन लावू नका. पंधरा-वीस मिनिटं चालवा, म्हणजे पाणी निथळेल आणि ब्रेकही कोरडे होतील.

अंडरबॉडी कोटिंग करावं का? शोरूममध्ये डिलिव्हरीच्या वेळी फार आग्रह करतात.

आधी नव्या गाडीला काय मिळालेलं असतं ते समजून घ्या. हल्ली बहुतेक गाड्यांत महत्त्वाच्या भागांच्या पत्र्याला जस्ताचा थर दिलेला असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. मग सगळी बॉडी विजेच्या प्रवाहावर चालणाऱ्या प्रायमरच्या टाकीत बुडवतात, त्यामुळे पोकळ्यांतही थर बसतो. वर रंग, लॅकर आणि खाली काही ठिकाणी पीव्हीसीचा लेप. म्हणजे नवी गाडी उघडी नसते. खाली सगळीकडे कोटिंग आहे की नाही हे डिलिव्हरीआधी रॅम्पवर चढवून बघा, मग ठरवा.

कोटिंगचे ढोबळ दोन प्रकार. एक डांबरी किंवा रबरी, वाळून कडक होणारं. दगड उडून लागतो त्याला हे चांगलं तोंड देतं, आवाजही थोडा कमी होतो. पण काही वर्षांनी ते कडक पडून तडकतं. तडीतून खारं पाणी आत शिरतं आणि कोटिंग त्याला बाहेर जाऊ देत नाही. वरून काळंभोर, अखंड दिसतं, खाली पत्रा सडत असतो. दुसरा प्रकार वॅक्सचा किंवा लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतून निघणाऱ्या मेणचट चरबीचा. तो मऊ राहतो, तडकत नाही, बारीक फटीत झिरपतो. पण पाण्याच्या माऱ्याने हळूहळू निघतो, दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो.

माझं मत विचाराल तर मुंबईच्या हवेत चाकाच्या कमानींना रबरी कोटिंग आणि सिल, दरवाजे, चेसिसच्या पोकळ्या इथे वॅक्स, हे जोडकाम सर्वांत उपयोगी. पोकळीतलं वॅक्स लांब नळीने भोकांतून फवारतात. ज्या गॅरेजकडे अशी नळीच नाही, तिथे पोकळ्यांचं काम होणार नाही.

काम एप्रिल-मेमध्ये करून घ्या. आधी धुवून, पूर्ण वाळवून, गंज घासून मगच कोटिंग मारायचं. सकाळी गाडी दिली, धुतली आणि दुपारी कोटिंग मारून परत, असं कोणी म्हणालं तर गाडी परत आणा. ओलाव्यावर आणि मिठावर मारलेलं कोटिंग न मारलेल्यापेक्षा वाईट. सायलेन्सर, ब्रेक आणि निचऱ्याची भोकं यांवर कोटिंग जाता कामा नये. काम झाल्यावर एकेक भोक मोकळं आहे ना, हे स्वतः बघा.

जुने ड्रायव्हर गाडीखाली जळलं ऑइल नाहीतर डिझेल मारतात. चालेल?

नको. तेलाचा पातळ थर काही दिवस पाणी दूर ठेवतो हे खरं, त्यातूनच ही पद्धत पडली. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचे कण असतात. रबरी बुश, बूट आणि होज तेलाने फुगतात, मऊ पडतात. धूळ त्यावर अशी बसते की पुढे गंज दिसतही नाही. पहिल्या पावसात ते सगळं गटारातून नाल्यात आणि नाल्यातून समुद्रात जातं, ते वेगळंच. तेलकट संरक्षणच हवं असेल तर गाड्यांसाठी बनवलेलं वॅक्स किंवा लॅनोलिन मिळतं, ते वापरा.

सिरॅमिक किंवा टेफ्लॉन कोटिंगने गंज थांबतो का?

वरच्या रंगाची चकाकी टिकते, कबुतरांच्या विष्ठेचे डाग लवकर निघतात. गाडीच्या पोटाला त्याचा काही उपयोग नाही.

बॅटरीला जोडायचं, गंज थांबवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळतं. घ्यावं का?

पैसे वाया घालवू नका. विजेच्या मदतीने लोखंड वाचवता येतं हे खोटं नाही. जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, पाण्यातल्या पाइपलाइनला प्रवाह देतात. पण तिथे लोखंड पाण्यात बुडालेलं असतं आणि ते पाणीच विद्युत मंडल पूर्ण करतं. हवेत उभ्या असलेल्या गाडीभोवती असं मंडल पूर्ण होत नाही. तेवढ्या पैशांत पोकळ्यांचं वॅक्स होईल.

गाडीवर कव्हर घालावं की उघडी ठेवावी? आणि बेसमेंट पार्किंग चांगलं ना?

कोरड्या दिवसांत, कोरड्या आणि स्वच्छ गाडीवर, हवा खेळती ठेवणारं कव्हर चालेल. पावसाळ्यात ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालणं म्हणजे ओल आत कोंडणं. वाऱ्याने ते घासतं आणि खारी धूळ रंगावर रगडली जाते.

बेसमेंट ऊन आणि थेट पावसापासून वाचवतं, पण पंखे बंद असतील तर भिजून आलेली गाडी तिथे कित्येक तास वाळत नाही. थंड देशांतही हाच अनुभव आहे. खाऱ्या बर्फाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली की बर्फ वितळतो आणि गंज बाहेर ठेवलेल्या गाडीपेक्षा वेगाने चढतो. सोसायटीच्या सभेत बेसमेंटचे एक्झॉस्ट पंखे पावसाळ्यात रोज काही तास चालवण्याचा ठराव मांडा. सगळ्यांच्याच गाड्या वाचतील. यांत्रिक पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावर गाडी असेल तर वरच्या गाडीचं पाणी तुमच्या छतावर ठिबकतं आणि खड्ड्यात पाणी तुंबतं. खड्ड्याचा पंप चालतो की नाही, हे जूनच्या आधी विचारून घ्या.

पावसात रात्रभर उभी राहिली की ब्रेकच्या चकत्या तांबूस होतात. घाबरू का?

नाही. ती चकती ओतीव लोखंडाची असते, तिला रंग देत नाहीत. दोन-चार वेळा ब्रेक मारले की तांबूस थर निघून जातो. गाडी अनेक आठवडे उभी राहणार असेल तर मात्र आठवड्यातून एकदा फेरी मारा.

हिंदमाताला किंवा मिलन सबवेत साचलेल्या पाण्यातून गाडी काढली. आता?

आधी इंजिन. पाणी हवेच्या नळीपर्यंत गेलं आणि गाडी बंद पडली असेल तर पुन्हा चावी मारू नका, टो करून न्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून हे मुंबईत बहुतेकांना ठाऊक आहे. गंजाचा भाग मात्र त्यानंतर सुरू होतो आणि तो कोणी सांगत नाही.

भरतीच्या वेळी पाणी तुंबलं असेल, खाडीजवळचा रस्ता असेल, तर त्या पाण्यात समुद्राचा अंश असू शकतो. शक्य तितक्या लवकर खालून गोड्या पाण्याने धुवा. पाणी आत आलं असेल तर सीट काढून गालिचा पूर्ण बाहेर काढावा लागतो. गालिच्याखाली जाड फोम असतो आणि तो वरून कोरडा लागला तरी आठवडाभर पाणी धरून ठेवतो. नुसता हेअर ड्रायर किंवा पंखा लावून भागत नाही. सीटचे रूळ, सीटबेल्टचे बोल्ट, वायरिंगचे जोड वाळवून तपासून घ्या. चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि मागच्या ड्रम ब्रेकमध्येही चिखल जातो.

मरीन ड्राइव्हवर उधाणाच्या वेळी लाट अंगावर घेतलीत तर ते निखळ समुद्राचं पाणी आहे. त्याच दिवशी धुवा, बोनेटच्या कडा आणि जाळीच्या मागचा रेडिएटरही. अलिबाग, काशीद, गुहागरला गाडी वाळूत उतरवण्याबद्दल तर काय सांगू. गाडी रुतते, भरती येते, आणि खारी वाळू अशा पोकळ्यांत जाऊन बसते जिथून ती पुढे कधीच पूर्ण निघत नाही. कृपा करून नेऊ नका.

लहानसा गंज दिसतोय. घरी काही करता येईल?

वरवरचा असेल तर हो. पावसाळ्यात मात्र नको, कारण रंग नीट वाळणार नाही. जून ते सप्टेंबर या काळात दिसला तर जागा कोरडी करून त्यावर ग्रीस किंवा वॅक्सचा थर लावून ठेवा आणि ऑक्टोबरची वाट बघा.

कोरड्या दिवसात आधी ती जागा गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. बरेच जण इथेच चुकतात. मीठ तसंच राहिलं तर वर काहीही लावा, गंज त्याखाली चालूच राहतो. पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, आधी जाडा, मग बारीक, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खड्ड्यात बारीक काळे ठिपके उरतात, तिथे फॉस्फरिक आम्लाचं किंवा टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा. ते गंजाचं स्थिर संयुगात रूपांतर करतं. हातमोजे घाला. मग झिंक प्रायमर, त्यावर रंग, त्यावर लॅकर, प्रत्येक थर वाळू देऊन. कमानीच्या किंवा दरवाज्याच्या आतल्या बाजूने वॅक्स मारायला विसरू नका, नाहीतर तोच फोड वर्षभरात त्याच जागी परत येईल.

स्क्रूड्रायव्हर दाबला तर आरपार गेला. गॅरेजवाला म्हणतो लांबी (पुट्टी) भरून रंगवून देतो.

लांबी हा उपाय नाही. तिला ताकद नसते आणि मागून पाणी येतच राहतं. दिवाळीपर्यंत छान दिसेल, पुढच्या पावसात फुगेल. सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवायचा, सांध्याला सीलंट, आतून वॅक्स. याला पर्याय नाही.

ही जागा सिल, चेसिसचा खांब, सस्पेन्शनची बैठक किंवा सीटबेल्ट अडकवायची जागा असेल तर हा तुमच्या आणि घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. धडकेच्या वेळी हेच भाग मार झेलतात. तिथे लांबी भरून गाडी पोरांना घेऊन एक्स्प्रेसवेवर नेऊ नका. काम महाग वाटलं तर गाडी स्क्रॅपला काढणं परवडलं.

विमा गंजाचे पैसे देतो का?

नाही. हळूहळू होणारी झीज मोटार विम्यात धरत नाहीत. पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येतं, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. इंजिनात पाणी जाण्यासाठी बहुधा वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. कंपनीची गंजाविरुद्धची वॉरंटी असेल तर तिच्या अटी वाचा. बऱ्याचदा ती पत्र्याला आतून भोक पडल्यासच लागू होते.

मुंबईतली जुनी गाडी घेतोय. गंज लपवलेला कसा ओळखायचा?

नुकतंच मारलेलं काळं अंडरबॉडी कोटिंग दिसलं की आधी संशय घ्या. विकण्याआधी कशाला कोणी खर्च करेल? खिशात छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून न्या. कमानीवर, दरवाज्याच्या तळाशी ते पकड सोडत असेल तर खाली लांबी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात गेली होती. सीटखालच्या स्प्रिंगा आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू बघा, तिथे रंगकाम कोणी करत नाही. पुणे, नाशिक, सातारा अशा घाटमाथ्यापलीकडच्या गाडीचं पोट त्याच वयाच्या मुंबईच्या गाडीपेक्षा सहसा चांगलं असतं, तेव्हा नोंदणी कुठली आणि गाडी प्रत्यक्षात राहिली कुठे, दोन्ही विचारा.

मुलगी टोरांटोला असते. तिने तिथे काय करावं?

हिवाळाभर, तापमान शून्याच्या वर जाईल त्या दिवशी, खालून पाणी मारणाऱ्या यंत्रातून गाडी धुवून घ्यावी. कडाक्याच्या थंडीत धुतली तर कुलपं आणि दरवाज्यांची रबरं गोठतात. हिवाळ्याआधी, साधारण ऑक्टोबरात, तेलाचा किंवा वॅक्सचा फवारा मारून घ्यायची तिथे रीत आहे, ती पाळावी. बुटांना लागून आत आलेला खारा बर्फ गालिच्यात विरघळतो, म्हणून उंच कडेच्या रबरी मॅट टाकाव्यात. बर्फ सरला की वसंतात एकदा खालून पूर्ण धुलाई करावी, कारण ऊब वाढली की साठलेलं मीठ जोमाने कामाला लागतं.

गाडी १५ वर्षांची होतेय. आरटीओत गंजामुळे अडेल का?

अडू शकते. १५ वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नव्याने करताना तपासणी होते, पर्यावरण करही भरावा लागतो, आणि मंजूर झाली तर पुढची ५ वर्षं मिळतात. फ्लोअर किंवा चेसिस सडलेली गाडी तपासणीत टिकत नाही, आणि टिकूही नये. मुदतीच्या आधीच्या कोरड्या मोसमात रॅम्पवर चढवून पत्राकाम जाणणाऱ्या माणसाकडून खालून बघून घ्या. फ्लोअरचे एक-दोन तुकडे बदलून भागत असेल तर करून घ्या. दोन्ही बाजूंचे सिल गेले असतील तर त्या खर्चात दुसरी गाडी बघितलेली बरी.